मोसमच्या दोन काठांवरचे मत

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव शहराच्या मतदानाविषयी महाराष्ट्रात एक समज इतका रुजला आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. येथे एकगठ्ठा मतदान होते, म्हणजे समाजातील वजनदार मंडळींनी ठरवलेल्या एकाच उमेदवाराच्या पारड्यात सगळी मते पडतात, असा तो समज होय. परंतु २०२४ मधील दोन निवडणुकांचे निकाल शेजारी ठेवले, तर तो टिकत नाही.

मे २०२४ मध्ये धुळे लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. २००८ च्या पुनर्रचनेत, म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा, जुना मालेगाव लोकसभा मतदारसंघ संपुष्टात आला आणि शहर धुळ्याला जोडले गेले. या मतदारसंघातील सहा विधानसभा क्षेत्रांपैकी ‘मालेगाव मध्य’ या एकाच क्षेत्राने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांचे मताधिक्य दिले, तर भाजपचे सुभाष भामरे यांना तेथे पाच हजार मतेही मिळाली नाहीत. उरलेल्या क्षेत्रांची बेरीज भामरे यांच्या बाजूने असूनही बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या, आणि मालेगावच्या एकगठ्ठा मतांची चर्चा राज्यभर झाली.

त्यानंतर सहा महिन्यांनी त्याच मतदारांनी विधानसभेसाठी मतदान केले, तेव्हा काँग्रेसच्या उमेदवाराला दहा हजार मतेही मिळाली नाहीत. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि ‘इस्लाम’ या संक्षिप्त नावाच्या नव्या पक्षाचे आसिफ शेख यांच्यात मते जवळजवळ निम्मी-निम्मी विभागली गेली आणि मुफ्ती अवघ्या १६२ मतांनी विजयी झाले. ज्या शहराची मते एका गठ्ठ्यात बांधलेली असतात, तेथे असा निकाल लागणे शक्य नाही. सत्तेचा प्रश्न दिल्लीचा असेल आणि लढत सरळ दोघांत असेल, तेव्हा नको असलेल्या पक्षाला रोखणे हा येथील मतदाराचा पहिला हेतू असतो; असा धोका समोर नसेल, तेव्हा तो आपापल्या गटाचा, मोहल्ल्याचा आणि पोटापाण्याचा विचार करून विभागला जातो. या वागण्याला आंधळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण राज्यातील इतर अनेक समाजही असाच हिशेब करतात आणि त्यांच्या मतांना कोणी गठ्ठा म्हणत नाही.

हा हिशेब समजून घ्यायचा तर शहराची घडण पाहावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती आणि तीत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. त्यांच्यात एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या हातमागांची जागा पुढे यंत्रमागांनी घेतली. विणलेल्या कापडाच्या लांबीवर मजुरी मिळवणाऱ्या, बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या आणि शुक्रवारी सुट्टी घेणाऱ्या मागकामगाराला सुताचा भाव आणि विजेचे बिल हे राजकीय विषयच वाटतात. जनता पक्ष आणि नंतर जनता दल यांच्यातर्फे समाजवादी नेते निहाल अहमद १९७८ पासून १९९९ पर्यंत येथून सलग निवडून आले आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले, यामागे धर्माइतकेच हे कष्टकरी वास्तव होते.

१९९९ मध्ये काँग्रेसच्या रशीद शेख यांनी त्यांचा पराभव केला. २००६ आणि २००८ मधील बॉम्बस्फोटांनी शहर होरपळल्यानंतर, २००९ मध्ये मुफ्ती इस्माईल जनसुराज्य शक्ती पक्षाकडून आमदार झाले. २०१४ मध्ये रशीद यांचे पुत्र आसिफ काँग्रेसकडून, तर २०१९ मध्ये पुन्हा मुफ्ती, या वेळी एमआयएमकडून, निवडून आले. पक्षांची चिन्हे बदलत गेली, पण माणसे आणि घराणी तीच राहिली, त्यामुळे येथील निष्ठा पक्षापेक्षा व्यक्तीशी अधिक घट्ट आहे, असे म्हणता येते.

हे सगळे ‘मालेगाव मध्य’चे झाले; शहरातून वाहणाऱ्या मोसम नदीच्या पश्चिमेस मात्र दुसरेच राजकारण चालते. तेथील हिंदुबहुल वस्ती आणि आसपासची कांदा-डाळिंब पिकवणारी गावे मिळून ‘मालेगाव बाह्य’ हा मतदारसंघ होतो आणि तेथून २००९ पासून शिवसेनेचे दादा भुसे सातत्याने निवडून येत आहेत. या विभागणीमुळे विधानसभेच्या उमेदवाराला पलीकडच्या काठावरचे मत फारसे मागावे लागत नाही, आणि शहराचे सर्वांत मोठे राजकीय नुकसान याच गोष्टीत आहे.

दोन्ही काठांचे प्रतिनिधी एकत्र बसतात ते महापालिकेत. २०१७ मध्ये तेथे कोणालाही बहुमत मिळाले नाही, तेव्हा राज्यात परस्परांचे विरोधक असलेल्या काँग्रेस आणि शिवसेनेने हातमिळवणी केली आणि काँग्रेसचे रशीद शेख महापौर, तर शिवसेनेचा नगरसेवक उपमहापौर झाला. गटारे, पाणी आणि रस्ते यांच्या प्रश्नांवर दोन काठांना एकमेकांशी बोलावेच लागते, हे त्या वेळी दिसले. तेच सभागृह २०२२ मध्ये मुदत संपल्यावर निवडणुकीअभावी विसर्जित झाले आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.