एका शेतकऱ्याचा नकार आणि त्याची स्मृती

हुतात्म्याची स्मृती आपोआप टिकते, असे आपल्या चरित्रलेखनात पुष्कळदा गृहीत धरलेले असते. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याचा वृत्तान्त पाहता आम्हांस तसे वाटत नाही.

१९०७ साली सांक्ट राडेगुंड या खेड्यात जन्मलेला हा मनुष्य तरुणपणी काही साधुवृत्तीचा नव्हता. गावात पहिली मोटारसायकल त्याने आणली, असे सांगतात. फ्रान्झिस्का हिच्याशी १९३६ मध्ये विवाह झाल्यावर त्याची श्रद्धा दृढ झाली. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्याविषयी मतदान झाले, तेव्हा गावातून विरुद्ध मत देणारा तो एकटाच होता. पुढे काही काळ त्याने सैनिकी शिक्षण घेतलेही. परंतु हे युद्ध अन्यायाचे आहे, ख्रिस्त आणि हिटलर या दोघांची चाकरी एकाच वेळी होणार नाही, असा त्याचा निश्चय झाला.

येथे दडपण कोणाचे होते, हे शिक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. सरकारचे तर होतेच. पण लिंट्झच्या बिशपांनीही कुटुंबाचे कर्तव्य त्याच्यापुढे मांडले. घरी तीन लहान मुली होत्या. पत्नीनेही आरंभी विनवणी केली. मात्र आपणही पाठीशी उभे राहिलो नाही, तर त्याला कोणीच उरणार नाही, हे ओळखून ती त्याच्या बाजूस आली. १ मार्च १९४३ रोजी एन्स येथील छावणीत त्याने शस्त्र घेण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती. न्यायालयाने ती मानली नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला.

यानंतरची हकीकत आम्हांस अधिक बोधक वाटते. युद्धात पडलेल्यांच्या स्मारकावर त्याचे नाव कोरण्यास गावाने प्रथम नकार दिला. विधवेला निवृत्तिवेतन १९५० पर्यंत मिळाले नाही. ज्यांचे पुत्र रणात पडले, त्यांना त्याचे स्मरण म्हणजे आपल्या मुलांवरील ठपका वाटत असावा. त्यांना सरसकट दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही.

स्मृती तगली ती कागदांमुळे. तुरुंगातून लिहिलेली पत्रे व टिपणे फ्रान्झिस्काने जपून ठेवली. त्यांतील काही मजकूर हात बांधलेल्या स्थितीत लिहिलेला आहे. गॉर्डन झान हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, जो स्वतःही युद्धसेवा नाकारलेला होता, वेगळ्याच विषयाचा शोध घेत असता या नावापाशी येऊन पोहोचला. त्याचा ग्रंथ १९६४ साली निघाला, आणि गावाबाहेरच्या जगास हे नाव ठाऊक झाले.

बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा १९९७ मध्ये रद्द ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंट्झच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्यास 'धन्य' म्हणून घोषित केले. त्या समारंभास फ्रान्झिस्का उपस्थित होती. तिचे वय तेव्हा ९४ वर्षांचे होते.