बरगड्यांमध्ये रुतलेले पाते

ऑगस्ट १९०८ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको भागातल्या फॉल्सम गावाला महापुराने झोडपले. पाणी ओसरल्यावर जॉर्ज मॅकजंकिन हा गुराखी कुंपणांची पडझड पाहत फिरत होता. एका ओढ्याची दरड खचून तिच्या तळाशी मोठमोठी हाडे उघडी पडली होती. मॅकजंकिन गुलामगिरीत जन्मलेला, वाचायला मोठेपणी शिकलेला. पण जनावरांची हाडे त्याने उभ्या आयुष्यात भरपूर पाहिली होती. ही हाडे बायसनची, म्हणजे तिकडच्या रानगव्याची, पण आताच्या बायसनपेक्षा मोठी. शिवाय एवढी खोल गाडलेली म्हणजे फार जुनी, हे त्याने ताडले. तो लोकांना सांगत राहिला. १९२२ मध्ये वारला, तोवर एकही तज्ज्ञ तिकडे फिरकला नाही.

१९२६ मध्ये डेन्व्हरच्या संग्रहालयाने तिथे खोदकाम सुरू केले, तेही प्रदर्शनात मांडायला सांगाडा हवा म्हणून. हाडांबरोबर दगडी पात्यांचे तुकडे निघाले आणि वाद पेटला. अमेरिकेत माणूस येऊन जेमतेम काही हजार वर्षे झाली, असे तेव्हाचे बडे अभ्यासक मानत. स्मिथसोनियनचे आलेश हर्डलिच्का त्यांतले सर्वांत कडवे. सुटे पाते उंदराच्या बिळातून किंवा पाण्याबरोबर खालच्या थरात जाऊ शकते, ही शंका रास्तच होती. म्हणून ठरले, की पुढचे पाते हलवायचे नाही. ऑगस्ट १९२७ मध्ये दोन बरगड्यांच्या मधोमध एक पाते दिसले. काम थांबवून तारा पाठवल्या गेल्या, तज्ज्ञ आले आणि पाते जागेवरच पाहून गेले. शंकेला फारशी जागा उरली नाही.

हे पाते बोटाएवढेच, पण घडवायला महाकठीण. दोन्ही बाजूंनी बुडापासून टोकाकडे एकेक लांब कपची उडवून मधोमध पन्हळ काढलेली असते. त्यामुळे बूड पातळ होऊन काठीच्या खाचेत घट्ट बसत असावे. पन्हळ काढणे हे जवळजवळ शेवटचे काम; तिथे घाव चुकला की सगळी मेहनत वाया. असे मोडके तुकडे पुष्कळ सापडतात. पुढच्या अभ्यासात दिसले, की सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी इथे किमान ३२ बायसन मारले गेले. वासरांच्या दातांवरून हंगामही कळला : शरद ऋतू.

काही वर्षांनी न्यू मेक्सिकोतच, क्लोव्हिसजवळ, मॅमथच्या हाडांसोबत आणखी जुनी, सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीची पाती निघाली. मॅमथ संपले ते शिकारीने की बदलत्या हवामानाने, हा वाद अजून मिटलेला नाही. फॉल्समचा तो बायसन मात्र पुरता निर्वंश झाला नाही. आजचा लहान चणीचा बायसन त्याचाच वंशज मानला जातो.

मॅकजंकिनचे नाव या शोधाशी जोडले जायला मात्र आणखी काही दशके लागली.