‘चालेल सर’ म्हणण्याआधी पगाराचा हिशोब मांडा

मुलाखत चांगली झालेली असते. दोन दिवसांनी फोन येतो, ‘तुमची निवड झाली, वर्षाला ३ लाख.’ आपला अंदाज ४ लाखांचा असतो, तरी तोंडातून निघते, ‘चालेल सर.’ दहा वर्षांपूर्वी मीही एका संस्थेत हेच केले. सहा महिन्यांनी कळले की, त्याच पदावरच्या, तेवढ्याच शिकलेल्या सहकाऱ्याला महिन्याला ४ हजार जास्त मिळतात. त्याने फक्त विचारले होते.

आपल्यातले अनेकजण घरातले पहिले पदवीधर. आईवडिलांनी ठेकेदार देईल ती मजुरी घेतली. पगारावर बोलायचे असते, हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणून मागणे म्हणजे उद्धटपणा वाटतो. पण १९४६ मध्ये मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले होते. श्रमाचे मोल मागण्यात लाज कसली?

हातात किती येणार?

३ लाख म्हणजे महिन्याला २५ हजार हातात, असे नाही. हा ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीचा एकूण खर्च. समजा मूळ वेतन १२,५०० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० बहुतेकदा त्यातूनच वजा होतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २००. उरतात सुमारे २१,२००.

आता खर्च लिहा. पुण्यात खोलीचा वाटा ५,५००, मेस ३,५००, प्रवास १,५००, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ४,०००, घरी ५,०००. झाले १९,५००. शिल्लक १,७००. हा हिशोब कागदावर असला की आपला किमान आकडा कळतो आणि बोलताना आवाज कापत नाही.

उत्तर कसे द्यावे?

फोनवर लगेच होकार किंवा नकार देऊ नका. आभार माना, ऑफर ईमेलवर मागा, दोन दिवसांचा वेळ घ्या. त्या वेळात त्याच क्षेत्रातल्या दोन-तीन सीनियर्सना विचारा. वसतिगृहातले, विहारातले, कॉलेजचे कोणीतरी सापडतेच. मग लिहा: ‘या कामात मला रस आहे. माझे शिक्षण, अनुभव आणि या पदाचा सध्याचा पगार पाहता ३ लाख ६० हजारांची अपेक्षा आहे. विचार व्हावा.’ घरची अडचण सांगू नका, कामाची किंमत सांगा.

आकडा हलत नसेल, तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार लेखी मागा.

घ्यावी की सोडावी?

हातात दुसरे काही नसेल आणि काम शिकायला मिळणार असेल, तर कमी पगारही घ्यावा. त्यात कमीपणा नाही. मात्र मुदत ठरवून घ्यावा. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या किंवा मोठ्या रकमेचा बाँड लिहून मागणाऱ्या ठिकाणी थांबा आणि जाणत्याला विचारा. सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा आकडा कमी असेल, तर तुम्ही ‘चालेल’ लिहून दिले तरी ते कायद्याने चालत नाही.

शेवटचे एक. आपला पगार मागून येणाऱ्या भावा-बहिणींपासून लपवू नका. मला तो आकडा आधी कोणी सांगितला असता, तर मीही विचारले असते.