परीक्षेचा काटा

कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पारख म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात कापसाची गाडी आली की पारखी माणूस ढिगात हात घालतो, मूठभर कापूस काढतो, सरकीपासून तंतू ओढून चिमटीत धरतो व विंचरून त्याची लांबी सांगतो. मूठ दाबून ओलावा सांगतो. आज या दोन्ही कामांना यंत्रे आली आहेत. ओलाव्याचे मीटर कापसात खुपसले की आकडा दिसतो आणि प्रयोगशाळेतील यंत्र तंतूची लांबी, बळकटी, जाडी व रंग सांगते. हात चांगला की यंत्र चांगले, या वादात शेतकरी फारसा पडत नाही. त्याचे विचारणे साधे असते: आकडा मला दिसतो काय, आणि तो चुकीचा वाटला तर माझ्यासमोर पुन्हा मोजता येईल काय? विद्यार्थ्याच्या परीक्षेसंबंधीही हाच प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आम्ही शिक्षक नाही. आमचे स्वतःचे शिक्षण बरेचसे सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांतून झाले. परंतु कामगार संघटनेचे काम करणाऱ्यास परीक्षेपासून दूर राहता येत नाही. एखादा मनुष्य अकुशल, अर्धकुशल की कुशल, हे ठरते आणि त्यावर त्याची मजुरी ठरते. हे ठरविण्याच्या मुळाशी कोठे तरी कोणी तरी घेतलेली परीक्षा असते. म्हणून परीक्षा हा आमच्या दृष्टीने भाकरीचाही प्रश्न आहे.

प्रथम जुन्या पद्धतीकडे पाहू. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि संध्याकाळी परवचा म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी येथपर्यंतचे पाढे तोंडपाठ असत. ही परीक्षा रोजची असे आणि समोरासमोर होई. मूल सतरा सत्ते अडखळले की पंतोजींना तेथल्या तेथे कळे, आणि चूक तत्क्षणी दुरुस्त होई. आजच्या शिक्षणशास्त्रात ज्याला आकारिक मूल्यमापन म्हणतात, म्हणजे शिकता शिकता घेतलेली पारख, तिचा एक अंश या परवच्यात निश्चित होता. परंतु दोष मोठे होते. पाठांतराची परीक्षा होई, समजुतीची होत नसे. शिवाय पंतोजींना मूल कोणाचे हे ठाऊक असे, आणि कोणाच्या मुलांना त्या ओसरीवर बसूच दिले जात नसे हेही आपण जाणतो.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली आणि लेखी परीक्षेचे युग सुरू झाले. घोकंपट्टीबद्दल लेखी परीक्षेला पुष्कळ नावे ठेवली जातात व ती योग्यही आहेत. तथापि तिने गरिबाच्या मुलाला एक ढाल दिली हे विसरता कामा नये. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला मुलाची जात, बापाचा धंदा किंवा अंगावरचे कपडे दिसत नाहीत. तोंडी परीक्षेत जिव्हाळा असतो तसा पक्षपातही असतो. लेखी परीक्षेत पक्षपात कमी होतो आणि त्याबरोबर जिव्हाळाही जातो.

याच काळात इंग्लंडात एक प्रयोग झाला, तो कामगारांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८६२ च्या नव्या नियमांनी तेथील शाळांचे सरकारी अनुदान मुलांच्या निकालाशी बांधले गेले. निरीक्षक येई, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणित यांत परीक्षा घेई, आणि जितकी मुले उतरत तितका पैसा शाळेस मिळे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर शिक्षकाला तुकड्यावर मजुरी लागली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिक्षकांनी वाचनाचे पुस्तकच मुलांकडून पाठ करून घेतले. पुस्तक उलटे धरले तरी मूल घडाघडा वाचते, अशी थट्टा त्या वेळी होऊ लागली. सुमारे पस्तीस वर्षांनी ती पद्धत निकालात निघाली. मोजमाप पोटाशी बांधले की माणूस माल सुधारण्याऐवजी मोजमाप सांभाळू लागतो. यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. त्या जागी बसलेला कोणीही तसेच करील.

आता यंत्राकडे वळू. अनेक उत्तरांतून एक निवडावयाची, ही प्रश्नांची तऱ्हा अमेरिकेत फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास वाचनाच्या चाचणीत आणली. तपासणारा बदलला की गुण बदलतात, हा दोष त्याला घालवावयाचा होता. पुढे रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या शाळाशिक्षकाच्या कल्पनेवरून आय.बी.एम. कंपनीने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गुण मोजणारे यंत्र बाजारात आणले. शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, एवढ्या साध्या गोष्टीवर ते चाले. आपल्या मुलांना ज्या कागदावर गोल काळे करावे लागतात, तो याच घराण्यातला. फरक इतकाच की आता विजेऐवजी प्रकाशाने खूण वाचली जाते. त्यापुढची पायरी म्हणजे संगणकावरची परीक्षा.

यंत्राचे गुण खरे आहेत. ते थकत नाही आणि शंभराव्या कागदाला पहिल्यासारखाच न्याय देते. आणखी एक गुण आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. यंत्र मुलाचे गुण जसे सांगते तसे प्रश्नाचेही सांगू शकते. वर्गातील बहुतेक मुले एकाच प्रश्नात चुकली असतील, तर ते क्षणात दिसते, आणि शिकविणे कोठे तरी राहून गेले हे शिक्षकाला कळते. हातांनी उत्तरपत्रिका तपासून असा तक्ता काढावयाचा तर रविवार जाईल.

मात्र यंत्राची मर्यादाही पाहू. बावन्नातून सत्तावीस वजा करा, असा प्रश्न आहे. एका मुलाने उत्तर दिले पस्तीस. यंत्राने चूक अशी खूण केली. दुसऱ्याने अंदाजाने पंचवीसचा गोल काळा केला. यंत्राने बरोबर म्हटले. आता पहिल्या मुलाला जवळ बसवून विचारा, "बाळा, कसे केलेस ते सांग पाहू." तो सांगेल, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे त्याला वजाबाकी येते, पण दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने अंक उलटे घेतले. त्याला फक्त हातचा समजावयाचा आहे. दहा मिनिटांचे काम आहे. दुसऱ्या मुलाला काहीच येत नसेल, पण निकालपत्रात तो पुढे आहे. कोठे चुकले हे यंत्र सांगते. का चुकले हे बहुतेक वेळा मुलाच्या तोंडूनच ऐकावे लागते. दोन्ही कामे करावयाची तर दोन्ही साधने हवीत.

कारखान्याच्या शिक्षणात ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्याची सैद्धांतिक परीक्षा संगणकावर होते आणि प्रात्यक्षिक परीक्षा लोखंडावर. मुलाला एक तुकडा मिळतो. नकाशाप्रमाणे तो कापून, कानशीने घासून, काटकोनात आणावयाचा असतो. येथे एक सुंदर व्यवस्था आहे. मुलगा गुण्या तुकड्याला लावतो व उजेडाकडे धरून पाहतो. मधून उजेडाची रेघ दिसली तर तुकडा अजून सरळ नाही. परीक्षकही तोच गुण्या लावतो आणि तोच उजेड पाहतो. परीक्षकाचे माप व विद्यार्थ्याचे माप एकच असते. नापास झालेल्या मुलालाही आपण का नापास झालो हे डोळ्यांनी दिसते. शाळेतील कोणत्या विषयाच्या परीक्षेत असे होते, याचा शिक्षकमंडळींनी विचार करावा.

आमच्या अनुभवातील एक प्रकरण येथे सांगणे उपयोगी होईल. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, अर्धकुशल कामगारांना कुशल श्रेणीत घेण्यासाठी केवळ संगणकावरची चाचणी ठेवण्यात आली. वीस-वीस वर्षे यंत्रे दुरुस्त करणारी माणसे तीत मागे पडली, कारण पडद्यावरचा प्रश्न वाचून ठरलेल्या वेळात बटण दाबण्याची त्यांना सवय नव्हती. संघटनेने मागणी केली की चाचणीबरोबर प्रत्यक्ष कामही पाहावे. पुष्कळ बोलण्यांनंतर ते मान्य झाले. त्यानंतर जे दिसले ते दोन्ही बाजूंना शिकविणारे होते. मागे पडलेल्यांपैकी कित्येकांचे हात उत्तम निघाले. परंतु काहींना नवा नकाशा वाचता येत नव्हता. सवयीचे काम ते डोळे मिटून करीत, नवे काम आले की अडत. म्हणजे चाचणीने दाखविलेली उणीव अगदीच खोटी नव्हती. शेवटी नकाशावाचनाचे वर्ग सुरू करण्याची मागणी संघटनेनेच केली. परीक्षेतून मजुरी ठरली तेवढीच कामगाराच्या लक्षात राहते, परंतु तीतून पुढचे शिक्षण निघाले तर ती परीक्षा सार्थकी लागली असे आम्ही समजतो.

लहान मुलांच्या बाबतीत असर या नावाने चालणारी पाहणी उजेडात धरलेल्या गुण्यासारखी आहे. प्रथम या संस्थेच्या प्रयत्नाने ती २००५ मध्ये सुरू झाली. कार्यकर्ते खेड्यात घरोघर जातात आणि मुलाच्या हाती एक कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या योग्यतेचा छोटा उतारा व दुसरीच्या योग्यतेची छोटी गोष्ट असते. मूल कोठपर्यंत वाचते एवढेच पाहावयाचे. ही पाहणी करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही आणि शेजारी बसलेल्या निरक्षर आईलाही आपले मूल वाचते की अडते हे समजते. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. जमाखर्च यंत्राने झाला, पण मोजणी माणसाने मुलाशेजारी बसून केली.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे मेळघाटाचे तालुके. तेथील कोरकू मुलांच्या घरची भाषा मराठीहून अगदी वेगळ्या कुळातील, मुंडा कुळातील आहे. अशा मुलाला गणिताचे उदाहरण मराठीत घातले आणि ते चुकले, तर गणित चुकले की मराठी कळली नाही? कागदावर किंवा पडद्यावर मराठीतून घेतलेली चाचणी हे सांगू शकत नाही. कोरकू जाणणारा शिक्षक मोहाची फुले समोर ठेवून तोंडी विचारील, तर ते पाच मिनिटांत कळेल.

या सर्वांचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवू नये असे ठरविले होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम केले. नापास मुलाला पुनर्परीक्षेची संधी आहे. तीतही ते उतरले नाही तर त्याच वर्गात राहते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामासाठी परगावी जाणारे मूल त्याच वर्गात दोनदा बसण्यापेक्षा शाळाच सोडण्याचा संभव अधिक. म्हणून काटा बरोबर आहे की नाही हे वर्षाच्या शेवटी पाहून चालणार नाही.

यंत्रावर घाईने भिस्त ठेवली की काय होते, याचे उदाहरण मुंबईत घडले. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या लक्षावधी उत्तरपत्रिकांची छायाचित्रे काढून त्या संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे मुंबई विद्यापीठाने ठरविले. कल्पना वाईट नव्हती. परंतु पुरेशी तयारी नव्हती. निकाल महिनोन्‌महिने लांबले, पुढील प्रवेश अडले, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. नवे यंत्र आणताना ते चालविणाऱ्याला आधी शिकवावे व विचारावे, ही कामगार चळवळीची जुनी मागणी आहे. ती विद्यापीठांनाही तितकीच लागू पडते.

विद्यार्थ्याच्या हातात एक मोठा अधिकार आलेला आहे, तो घरोघर माहीत व्हावा. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराच्या कायद्याखाली येते, आणि परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे. बाजारात काट्याचा आकडा शेतकऱ्याला दिसावा, तसाच हा न्याय आहे. संगणकाने गुण दिले तरी हा न्याय बदलू नये. कोणता प्रश्न, कोणते उत्तर आणि गुण का गेला, हे मुलाला दाखविता येत नसेल, तर ते यंत्र कितीही महाग असो, मुलाच्या उपयोगाचे नाही.

हे काम केवळ सरकारवर सोडून देण्यासारखे नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समितीच्या पुढील सभेत नागरिकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. वर्षभरात मुलाशेजारी बसून तोंडी पारख किती वेळा झाली? संगणकावर किंवा कागदावर चाचणी झाल्यावर कोणत्या प्रश्नात वर्ग चुकला, हे शिक्षकांनी पाहिले काय, व त्यासाठी त्यांना वेळ मिळाला काय? आणि तपासलेली वही मुलाच्या हाती परत किती दिवसांत आली? उत्तरे समाधानकारक नसतील तर शिक्षकावर ओरडू नये. त्याच्याकडे मुले किती, वर्ग किती आणि शिकविण्याबाहेरची कामे किती, हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे आणि तो कागद पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवावा.