फॉर्म गेला, की धावा सरासरीकडे परतल्या?

‘काई खरं नाई राहिलं गड्या आता याचं!’ आयपीएलच्या दिवसांत अमरावतीतल्या चहाच्या टपरीवर हे वाक्य हमखास कानावर पडतं. २०२४ मध्ये हा राग आपल्याच गावच्या जितेश शर्मावर निघत होता. आदल्या मोसमात त्यानं पंजाब किंग्जकडून १४ सामन्यांत ३०९ धावा काढल्या होत्या. २०२४ मध्ये तितक्याच सामन्यांत १८७ झाल्या. पण २७ मे २०२५ रोजी याच जितेशनं बंगळुरूकडून लखनऊविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या आणि टपरीवरचा सूरच बदलला.

मधल्या काळात नेमकं काय बदललं? सराव, नवा संघ, फलंदाजीचा क्रम, मनाची उभारी, यातलं काहीही असू शकतं. पण त्याआधी एक साधा हिशेब करू. २०२४ च्या अख्ख्या मोसमात जितेशच्या वाट्याला जेमतेम १४० चेंडू आले. म्हणजे साधारण २३ षटकं! त्यात दोन झेल सुटले किंवा दोन चेंडू बॅटची कड घेऊन सीमेपार गेले, तरी आकडा पार बदलतो. एवढ्याशा खेळावरून ‘संपला’ म्हणणं म्हणजे एका पावसाच्या सरीवरून पीकपाणी ठरवण्यासारखंच.

संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवलं, की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सहसा तेवढी नाही. खेळातही तसंच. फार चांगल्या कामगिरीत कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो, आणि नशीब दरवेळी साथ देत नाही. फार वाईट कामगिरीनंतर तोच काटा उलट फिरतो.

इथेच एक फसगत होते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाईदलाच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, की कौतुक केलं की शिकाऊ वैमानिक पुढच्या खेपेला बिघडतो, रागावलं की सुधारतो. कानेमन यांच्या लक्षात आलं, की काहीही न बोलता बहुतेक वेळा हेच घडलं असतं. कौतुक होतं ते उत्तम उड्डाणानंतर, बोलणी बसतात ती वाईट उड्डाणानंतर. श्रेय मात्र फुकट रागाला मिळतं.

खरी घसरण नसतेच, असं नाही. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोहोचतो. वय, जुनी दुखापत किंवा अपुरी झोप यांमुळे प्रतिसाद किंचित मंदावला, तरी फटका चुकतो. पण ती घसरण अनेक महिने, सरावातही आणि सामन्यातही दिसत राहते.

जितेशला टपरीवरच्या शिव्या ऐकू जात नाहीत. अमरावती-अकोल्याच्या मैदानावर शून्यावर बाद होऊन परतणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला मात्र सीमेवर उभ्या बाबांचा प्रत्येक शब्द ऐकू येतो. त्याला आधी विचारा: गुडघा, टाच दुखते का? रात्री आठ-नऊ तास झोप होते का? दोन्ही ठीक असेल, तर पाठीवर हात ठेवा आणि पुढचे दहा डाव खेळू द्या. एका डावावरून पोराची पारख होत नसते.