ट्यूलिपचा एक महिना, माळ्याचे अकरा महिने

मे महिन्याच्या सुटीत श्रीनगरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या वाट्याला तेथील ट्यूलिप उद्यानाबाबत बहुधा निराशाच येते. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी वसलेले सुमारे ३० हेक्टरचे हे उद्यान मार्चच्या उत्तरार्धात खुले होते आणि जेमतेम महिनाभरात त्याचा बहर ओसरतो. २०२३ मध्ये येथील १५ लाख ट्यूलिपची आणि ६८ जातींची नोंद 'वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्स'ने घेतली. परंतु आपल्याकडील परीक्षा संपून शाळांना सुटी लागेपर्यंत वाफ्यांत उरतात ती पिवळी पडत चाललेली पाने. पाहणाऱ्याच्या दृष्टीने सोहळा संपलेला असतो. माळ्याच्या दृष्टीने मात्र पुढच्या वर्षीच्या फुलाचे काम याच दिवसांत सुरू झालेले असते.

हे काम नेमके काय असते, हे समजले की हौसेने मागवलेल्या महागड्या कंदांना आपल्या घरी फूल का येत नाही, याचाही उलगडा होतो.

कंदाच्या आत काय दडलेले असते?

कांदा हा स्वयंपाकघरातील सर्वांत परिचित कंद. तो उभा चिरला, की तळाशी एक कठीण चकती, तिच्यावर एकावर एक बसलेले रसाळ पापुद्रे आणि मध्यभागी कोंब दिसतो. चकती म्हणजे आखूड झालेले खोड आणि पापुद्रे म्हणजे अन्न साठवून जाड झालेली पाने. ट्यूलिपच्या कंदाची रचना अशीच असते.

मात्र लावलेला कंद वर्षानुवर्षे टिकतो, हा समज ट्यूलिपला लागू पडत नाही. साठवलेले अन्न पान आणि फूल उभारण्यात खर्ची पडते व मूळ कंद झिजून संपतो. त्याच्या पापुद्र्यांच्या बेचक्यांत असलेले अंकुर वाढून नवे कंद तयार होतात. या नव्या कंदांचे पोषण करतात ती फूल गेल्यानंतर उरलेली हिरवी पाने. म्हणूनच कंदांसाठी शेती करणारे हॉलंडचे शेतकरी ऐन बहरात फुले खुडून टाकतात. फूल झाडावर राहिले, तर झाडाची शक्ती बीजधारणेकडे वळते. ती कंदाकडे वळावी यासाठी फुलाचा त्याग करावा लागतो. पाने मात्र आपोआप पिवळी होईपर्यंत कापायची नसतात. वाफा नीटनेटका दिसावा म्हणून हिरवी पाने छाटणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुलावरच कात्री चालवणे.

उन्हाळ्यात कळी, हिवाळ्यात दांडा

पाने वाळली, की जूनच्या सुमारास कंद उपटले जातात. माती झटकून, जुनी साल काढून त्यांची प्रतवारी होते. घेराने दहा सेंटिमीटरहून लहान असलेले कंद बहुधा फुलत नाहीत. ते वाढीसाठी वेगळे ठेवले जातात. मऊ पडलेले किंवा बुरशी लागलेले कंद निष्ठुरपणे बाजूला काढावे लागतात, कारण सडणाऱ्या कंदातून बाहेर पडणारा इथिलीन वायू शेजारच्या निरोगी कंदांतील कळीही खुरटवतो.

यानंतर कंद हवेशीर, कोरड्या जागी वीस अंशांच्या आसपास तापमानात ठेवले जातात. बाहेरून ते निपचित भासतात. आत मात्र याच काळात पुढील वसंतातील फुलाच्या पाकळ्या, पुंकेसर आणि बीजकोश यांची सूक्ष्म घडण पूर्ण होते. मार्चमध्ये उमलणारे फूल आदल्या उन्हाळ्यातच आकाराला आलेले असते.

कळी तयार झाली तरी ती वर येण्यासाठी दांडा लांबला पाहिजे आणि त्यासाठी थंडी लागते. साधारण बारा ते सोळा आठवडे कंदाला नऊ अंशांखालील गारवा मिळाला, की त्यातील पिठूळ अन्नाचे शर्करेत रूपांतर होते आणि उष्णता वाढताच दांडा झपाट्याने लांबतो. थंडी अपुरी पडली, तर फूल पानांच्या बेचक्यातच खुरटते किंवा कळी आतल्या आत सुकते.

लागवडीची लगबग

म्हणूनच वसंतात फुलणारा हा कंद शरद ऋतूत लावला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काश्मीरमधील लागवडीचा काळ. जमीन गोठण्यापूर्वी कंदाला मुळे फुटणे आवश्यक असते. निचऱ्याची भुसभुशीत माती, टोक वर करून साधारण पंधरा सेंटिमीटर खोलीवर ठेवलेला कंद आणि दोन कंदांत दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतर, ही सर्वसाधारण पद्धत. ताजे शेणखत टाळावे लागते, कारण त्याने कूज वाढते. रोगजंतू मातीत टिकून राहतात, त्यामुळे शक्यतो जागाही बदलावी लागते.

बहर लांबवण्यासाठी लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जातींची सांगड घातली जाते. हॉलंडमधील क्यूकेनहॉफ उद्यानात दर शरदात सुमारे ७० लाख कंद लावले जातात आणि वसंतात ते अवघे आठ आठवडे पाहता येतात.

या साऱ्या नियोजनाचा आधार असलेली थंडीच आता बेभरवशाची होऊ लागली आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसारखे ठिकाणही बराच काळ बर्फाविना होते. वसंतात ऊन अकाली तापले, की फुले एकदम उमलतात आणि लवकर गळतात. महिनाभराचा बहर काही दिवसांनी आखडला, तरी त्यावर अवलंबून असलेल्या शिकारेवाल्यांपासून हॉटेलचालकांपर्यंत अनेकांना त्याची झळ बसते.

आपल्या अंगणासाठी

पुण्या-मुंबईच्या हिवाळ्यात इतकी दीर्घ थंडी मिळत नाही. दिल्लीतील रस्त्यांकडेला फेब्रुवारीत फुलणारे ट्यूलिप हे आधीच शीतगृहात थंडी दिलेल्या, परदेशातून आणलेल्या कंदांचे असतात. महाराष्ट्रात प्रयोग करायचाच असेल, तर विक्रेत्याला 'कंदाला थंडी दिली आहे का', हा पहिला प्रश्न विचारावा. दिली नसल्यास कागदी पिशवीत घालून ते बारा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावेत; सोबत सफरचंद वा केळी ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतूनही तोच घातक इथिलीन वायू निघतो. डिसेंबर-जानेवारीत कुंडीत लावल्यास फूल मिळू शकते, मात्र पुढच्या वर्षी त्याच कंदांकडून अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडील उन्हाच्या झळांत पाने नवा कंद पोसण्याआधीच करपतात.

त्यापेक्षा निशिगंध आपल्या हवेला मानवतो. एप्रिल-मेमध्ये लावलेले त्याचे सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर व्यासाचे कंद तीन-चार महिन्यांत फुलांवर येतात. एकदा दांडा दिलेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढचा बहर त्याच्या भोवती वाढलेल्या नव्या कंदांचा असतो. हंगाम संपल्यावर पाणी तोडावे, पाने वाळू द्यावीत, कंद काढून सावलीत सुकवावेत आणि सुमारे महिनाभर विश्रांती देऊन पुन्हा लावावेत.

ट्यूलिप असो वा निशिगंध, फूल सरल्यानंतरच्या दिवसांत मिळालेली निगाच पुढच्या हंगामात फुलते. मेमध्ये श्रीनगरला गेलेल्या पर्यटकाला दिसणारी पिवळी पाने हे ओसरलेल्या सोहळ्याचे अवशेष नसतात. जमिनीखाली पुढच्या वर्षीचे कंद भरत असल्याची ती खूण असते.