कचेरीतला पोशाख

पोशाख ही ज्याच्या त्याच्या मर्जीची बाब असली, तरी नोकरीच्या जागी ती केवळ मर्जीची राहत नाही, हे अव्वल इंग्रजीतल्या उमेदवाराला कोणी सांगावे लागत नसे. धोतर, लांब कोट आणि डोक्यावर पागोटे हा कारकुनाचा शिरस्ता इतका पक्का होता की, मुंबईच्या दमट हवेत तो अंगाला किती जाचत असेल, याची फिकीर कोणी केलेली दिसत नाही. पुढे बुशकोट आला, पाटलोण आली, आणि शिरस्ता हळूहळू सैलावला.

तो इतका सैलावला की, डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून स्त्रियांनी साडी, सलवार-कुर्ता किंवा पँटवर कुर्ता वा शर्ट, पुरुषांनी शर्ट-पँट वापरावी, जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर टाळावेत, असे आपल्या कर्मचाऱ्यांस बजावले. ओरड जीन्सवरून झाली. पण आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, हे त्यातले कलम मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण आपल्या उन्हाळ्याला मानवणारे कापड तेच. स्वच्छ, न विटलेली जीन्स ही चुरगळलेल्या पाटलोणीपेक्षा कमी सभ्य असते, असे मात्र मी मानणार नाही.

खरा प्रश्न आहे तो मेजापलीकडच्या माणसाचा. वारसनोंदीसाठी एस.टी.ने तालुक्याच्या कचेरीत येणारा शेतकरी ठेवणीतला, धुतलेला सदरा अंगात घालून येतो, कारण सरकारदरबारी जाणे ही त्याच्या लेखी गंभीर गोष्ट असते. त्याच्यासमोर बसलेल्या अंमलदाराच्या शर्टाची वरची दोन बटणे उघडी आणि पायांत न्हाणीघरातली चप्पल असेल, तर आपल्या कामाची येथे काय किंमत आहे, हे त्याला अर्ज पुढे करण्यापूर्वीच कळून चुकते. खासगी कंपन्यांत रिवाज पुष्कळ मोकळा असतो. तिथे पहिले काही दिवस साधा, फिकट रंगाचा पेहराव करावा आणि बरोबरीच्या हुद्द्यावरची माणसे काय घालतात, ते पाहून पुढचे ठरवावे.

लोकलच्या गर्दीत निव्वळ कृत्रिम धाग्याचे कापड घामाने अंगाला चिकटते, आणि पावसाळ्यात कातडी बूट बुरसतात. म्हणून सुती कापड पत्करावे, आणि कोरड्या जोड्यांचा एक जोड कचेरीतल्या खणात ठेवावा. नव्याने नोकरीस लागलेल्यांनी पहिल्या पगारात भारी सूट शिवण्याच्या भरीस न पडता, मापाचे चार सदरे शिवून घ्यावेत, आणि इस्त्रीवाल्याचा हिशेब महिन्याच्या महिन्याला चुकता करावा.